हायड्रोजन काढताना ऑक्सिजनऐवजी खपणारे रसायन? (कोल्हापूर, साखर पट्टा)

आसवनी | ७ जून, रात्री १०:१२

मंडळी, मी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळा बघतो. सध्या जो भेटतो तो ग्रीन हायड्रोजनबद्दलच (स्वच्छ विजेने पाणी फोडून काढलेल्या हायड्रोजनबद्दल) विचारतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचे मिशन मंजूर केले, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे लक्ष्य ठेवले, आणि तेव्हापासून आमच्याकडेही अधूनमधून विषय निघतो. कोजनची (उसाचा चोथा जाळून केलेली) वीज आहे, पाणी आहे, जागा आहे, मग आपण का नाही?

नुसते पाणी फोडायचे तर माझे उत्तर साधे आहे. एक किलो हायड्रोजनसाठी किमान ९ लिटर शुद्ध पाणी लागते आणि सोबत ८ किलो ऑक्सिजन निघतो. हा ऑक्सिजन बहुतेक ठिकाणी हवेत सोडतात. गंमत अशी, की सगळी अडचण त्या फुकट सोडलेल्या ऑक्सिजनचीच आहे. पाणी फोडायला कागदावर १.२३ व्होल्ट पुरतात, पण प्रत्यक्षात सेलला १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकाला, हायड्रोजन सहज सुटतो. ॲनोडवर, म्हणजे धन टोकाला, मात्र ऑक्सिजनचा एक रेणू जमवायला चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, ते टप्प्याटप्प्याने निघतात, आणि वरचा व्होल्टेज बराचसा तिथेच खर्ची पडतो.

म्हणून गेली काही वर्षे संशोधक दुसरी वाट बघतायत. ॲनोडवर पाण्याऐवजी सहज ऑक्सिडाइझ होणारे काहीतरी द्यायचे. इथेनॉल, ग्लिसरॉल, ग्लुकोज, बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) निघणारे फरफ्युरल, किंवा फ्रुक्टोजपासून होणारे हायड्रॉक्सिमेथिल फरफ्युरल (पुढे एचएमएफ म्हणतो). कॅथोडवर हायड्रोजन तेवढाच येतो. ॲनोडवर ऑक्सिजनच्या जागी एखादे आम्ल किंवा अल्डिहाइड मिळते. २०१५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात क्युंग-शिन चोई यांच्या गटाने एचएमएफपासून एफडीसीए, म्हणजे फ्युरान डायकार्बॉक्झिलिक ॲसिड, आणि सोबत हायड्रोजन असे एकाच सेलमध्ये काढून दाखवले. एफडीसीएपासून पीईएफ नावाचे प्लॅस्टिक होते, ते बाटल्यांच्या पीईटीला पर्याय म्हणून बघितले जाते. तेव्हापासून या विषयावर शोधनिबंधांचा पाऊस आहे.

आता माझे मत, आणि धागा काढला तोही त्यासाठीच. बहुतेक निबंध 'व्होल्टेज किती वाचला' यावर टाळ्या घेतात. थोडा हिशोब करू. एक किलो हायड्रोजनला साधारण २६,६०० अँपिअर-तास (किती प्रवाह किती वेळ वाहिला त्याचे माप) लागतात, ॲनोडवर काहीही असो. २ व्होल्टला ते ५३ युनिट झाले, १.५ व्होल्टला ४०. वाचले १३ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर शंभरेक रुपये. त्याच एका किलो हायड्रोजनसोबत एचएमएफच्या वाटेने २६ किलो एफडीसीए निघते, आणि त्यासाठी २१ किलो एचएमएफ घालावे लागते. म्हणजे शंभर रुपयांच्या विजेची चर्चा आपण २६ किलो मालाच्या शेजारी उभे राहून करतोय. माझ्या लेखी हा रसायनाचा कारखाना आहे आणि हायड्रोजन त्याचे जोडउत्पादन. तसे बघितले तरच आपल्या भागात काही जमेल का, हे ठरवता येईल.

ज्यांनी प्रत्यक्ष सेल चालवलेत, प्लेटिंग केलंय, कॉस्टिक प्लांटवर काम केलंय, त्यांनी लिहावे.

---

हुपरीकर_मुलामा | ७ जून, रात्री ११:०५

विषय आपला आहे. हुपरीत चांदीचा मुलामा करणाऱ्याला तुमचे अँपिअर-तास बरोबर कळतात. एका अँपिअर-तासाला चांदी ४ ग्रॅम चढते. निकेल १.१ ग्रॅमच्या आतबाहेर. हायड्रोजन किती येतो बघितले तर ०.०३७६ ग्रॅम! एवढी वीज ओतून हातात काय, तर फुंकर.

त्यामुळे तुमचं पटलं. दुसऱ्या बाजूला जे वजनदार निघतंय तेच विकायचं.

एक विचारतो, ॲनोड कशाचा? आमच्याकडे विरघळणारा ॲनोड असतो, चांदीच्या टाकीत चांदीचाच. इथे तो विरघळून चालणार नाही.

---

राजारामपुरी_५वी_गल्ली | ८ जून, सकाळी ७:४०

मी याच विषयाच्या जवळपास पीएचडी करतेय, म्हणून थोडे सविस्तर.

अल्कलीत (कॉस्टिकसारख्या क्षारी द्रावणात) बहुतेक ठिकाणी निकेलच वापरतात, बऱ्याचदा निकेलचा फोम. तो विरघळत नाही, वर निकेल हायड्रॉक्साइडचा थर बसतो. ॲनोडवर तो थर निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइडमध्ये बदलतो, समोर आलेल्या अल्कोहोल किंवा अल्डिहाइडकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि परत हायड्रॉक्साइड होतो. यात नवे काही नाही. फ्लाइशमन, कोरिनेक आणि प्लेचर यांनी १९७१ मध्येच निकेल ॲनोडवर अल्कोहोलपासून अमाइनपर्यंत बरेच काही तपासून ठेवलेय. (हेच ते मार्टिन फ्लाइशमन, जे पुढे १९८९ मध्ये कोल्ड फ्युजनच्या दाव्यामुळे गाजले. त्या गोंधळात माणसाचे खरे चांगले काम लोक विसरले.)

निवडकपणाचा प्रश्न मात्र व्होल्टेजपेक्षा मोठा आहे. ग्लिसरॉल घ्या. तीन कार्बनचा रेणू. निकेलवर त्याची साखळी तुटते आणि फॉर्मेट मिळते. प्लॅटिनम, सोने अशा धातूंवर साखळी टिकते, ग्लिसरिक ॲसिड मिळू शकते. प्लॅटिनमवर बिस्मथ बसवला तर मधल्या कार्बनवर ऑक्सिडेशन होऊन डायहायड्रॉक्सिॲसिटोन, जे अंग सावळे करणाऱ्या क्रीममध्ये घालतात. विदेशात त्याला गिऱ्हाईक आहे, आपल्याकडे उलटा धंदा चालतो! कच्चा माल तोच, वीज तीच, फक्त पृष्ठभाग बदलला की माल बदलतो. आणि जरा जास्त ताणले तर सगळ्याचाच कार्बोनेट होतो, मग ना आम्ल ना पैसा.

शिवाय सुरुवातीला ९५ टक्के कार्यक्षमता (हव्या त्या मालात गेलेल्या प्रवाहाचा वाटा) दिसते ती शेवटपर्यंत टिकत नाही. टाकीतला कच्चा माल संपत आला की ॲनोडपर्यंत पुरेसे रेणू पोचत नाहीत, आणि उरलेला विद्युतप्रवाह पुन्हा पाणी फोडून ऑक्सिजन काढायला लागतो. म्हणजे ज्याला टाळायचे तोच मागच्या दाराने आत.

---

दुसरा_मजला | ८ जून, सकाळी ९:१५

वाखूसा (वाचनखूण साठवली). एवढे वाचून तांबड्या रश्श्याचेही ऑक्सिडेशन करता येईल का, अशी शंका आली.

---

आसवनी | ८ जून, सकाळी ९:३१

@दुसरा_मजला, ते काम पोटात चोख चालते, विजेशिवाय.

मॅडम, उत्तम माहिती. आता आमच्या घरचा माल बघू. इथेनॉल. एका रेणूतून चार इलेक्ट्रॉन निघाले की ॲसिटिक ॲसिड. म्हणजे एक किलो हायड्रोजनला ११.४ किलो, साधारण साडेचौदा लिटर इथेनॉल लागेल आणि १४.९ किलो ॲसिटिक ॲसिड मिळेल. तेल कंपन्या इथेनॉलला लिटरमागे साठच्या आसपास देतात. म्हणजे कच्च्या मालाचेच ८७० रुपये. ॲसिटिक ॲसिड ५८ रुपये किलोने गेले तर नुसते इथेनॉलचे पैसे परत. आणि बाजारात समोर कोण आहे? मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून अजस्र कारखान्यांत होणारे ॲसिटिक ॲसिड. पेट्रोलमध्ये ढकलता येणारे इथेनॉल मी या वाटेला लावणार नाही.

इथेनॉलपासून रसायने करू नयेत असे नाही. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला ते वर्षानुवर्षे चाललेय. पण ते साधी उत्प्रेरकी रसायनशास्त्राची वाट धरतात.

---

क्षारपाणी | ८ जून, दुपारी २:२०

कोकणातल्या एका कॉस्टिक-क्लोरिन प्लांटवर नोकरी काढली, आता निवृत्त होऊन ताराबाई पार्कात. तुम्ही तरुण मंडळी ज्याला नवी कल्पना म्हणताय ती आम्ही रोज जगलो. मिठाचे पाणी, कॅथोडवर हायड्रोजन आणि कॉस्टिक, ॲनोडवर क्लोरिन. दोन्ही टोकांना विकायचा माल. एक टन कॉस्टिकमागे सुमारे ८८६ किलो क्लोरिन आणि २५ किलो हायड्रोजन. शंभर वर्षांहून जुना धंदा आहे.

आणि त्यात शिकलेली गोष्ट सांगतो. प्लांट कधीही हायड्रोजन बघून चालला नाही. कॉस्टिक बघूनसुद्धा नेहमी नाही! कॉस्टिकला कितीही मागणी असो, क्लोरिन उचलणारा नसेल तर लोड खाली आणावा लागतो. क्लोरिन साठवून किती साठवाल? बेरजेचा धंदा वाटतो, पण जो माल पडून राहील तो बाकीच्यांना बांधून ठेवतो. तुमच्या एफडीसीएचे तसेच होणार. देशाचे ५० लाख टनांचे लक्ष्य सगळे याच वाटेने गाठायचे म्हटले तर हिशोब करा.

---

आसवनी | ८ जून, दुपारी ३:०२

केला सर. १२.९ कोटी टन एफडीसीए. देशात वर्षाला होते त्या साखरेच्या साधारण चौपट! एवढ्या बाटल्यांत भरायला पाणी तरी कुठून आणणार. म्हणजे देशाच्या हायड्रोजनचा प्रश्न या वाटेने सुटत नाही, हे उघड आहे. एखाद्या गावातल्या एखाद्या रसायनाचा सुटू शकतो.

---

शंकासूर | ८ जून, रात्री ८:४८

क्षारपाणी सरांनी मुद्द्याला हात घातला. मी थोडा अजून मीठ चोळतो.

निबंधांत सर्रास एक मोलर पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) १० मिलिमोलर एचएमएफ घेतात. लिटरमागे १.२६ ग्रॅम एचएमएफ आणि ५६ ग्रॅम पोटॅश. माल सगळा रूपांतरित झाला तरी लिटरला दीड ग्रॅम एफडीसीए, तेही क्षार म्हणून विरघळलेले. ते बाहेर काढायचे तर आम्ल घालून पीएच खाली आणा. लिटरला ४९ ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड जाणार आणि ८७ ग्रॅम पोटॅशियम सल्फेट तयार होणार. दीड ग्रॅम मालासाठी ८७ ग्रॅम मीठ.

व्होल्टेजचा आलेख छापताना हा आकडा कुणी छापत नाही.

---

काकवी | ८ जून, रात्री ९:१०

शंकासूर भाऊ, पोटॅशियम सल्फेट म्हंजे आमचं ०-०-५० खत की! ड्रिपमधनं सोडतोय ते. द्या आणून, मी घेतो. तुमचं ते प्लॅस्टिक ऱ्हाऊ द्या बाजूला.

---

शंकासूर | ८ जून, रात्री ९:२२

@काकवी, नाद खुळा. पण त्यात उरलेले सेंद्रिय पदार्थ आणि निकेलचे अंश असतील, उसाला सोडण्याआधी तपासावे लागेल. आणि कारखान्याने महागडा पोटॅश घेऊन खत म्हणून विकायचे म्हणजे धंदा उलटा.

---

राजारामपुरी_५वी_गल्ली | ९ जून, सकाळी ८:०५

शंकासूर यांचा आकडा बरोबर आहे. पण १० मिलिमोलर हे उत्प्रेरक तपासण्यासाठीचे प्रमाण आहे, कारखान्याचे नव्हे. प्रमाण वाढवायला गेलो की दुसरे दुखणे येते. एचएमएफ अल्कलीत टिकत नाही, काळपट चिकट ह्युमिन होतात. त्यामुळे ते एकदम न ओतता थेंबाथेंबाने सोडायचे, किंवा कमी पीएचवर काम करायचे, किंवा मध्यस्थ (ॲनोड आणि माल यांच्यात इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे रसायन) वापरायचा. चोई यांच्या २०१५ च्या कामातही टेम्पो नावाचा मध्यस्थ होता. आम्ल आणि अल्कली परत मिळवायला द्विध्रुवी पडद्याचे इलेक्ट्रोडायलिसिसही करता येते, पण ती पुन्हा वेगळी यंत्रणा, वेगळी वीज.

फरफ्युरलबद्दल कुणी बोलले नाही. बगॅसपासून ते पूर्वीपासून काढतात, दक्षिण आफ्रिकेत आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये साखर कारखान्यांच्या जोडीने. आणि त्यात एक सुंदर रसायनशास्त्र आहे. तांब्याच्या ॲनोडवर, अल्कलीत, अल्डिहाइडचे ऑक्सिडेशन फार कमी व्होल्टेजला होते आणि अल्डिहाइडमधला हायड्रोजनसुद्धा वायू म्हणून सुटतो. म्हणजे दोन्ही इलेक्ट्रोडवर हायड्रोजन! सेल अर्ध्या व्होल्टच्या आत चालवता येतो. त्याच हायड्रोजनला अँपिअर-तास निम्मे, व्होल्टेज पावपट.

---

हुपरीकर_मुलामा | ९ जून, सकाळी ८:५०

दोन्हीकडून हायड्रोजन? मग ५३ युनिटाचे किती झाले?

---

राजारामपुरी_५वी_गल्ली | ९ जून, सकाळी ९:१२

१३,३०० अँपिअर-तास गुणिले अर्धा व्होल्ट. साडेसहा-सात युनिट.

---

शंकासूर | ९ जून, सकाळी ९:४०

वाह. आणि एका किलो हायड्रोजनला फरफ्युरल किती?

---

आसवनी | ९ जून, सकाळी १०:२६

मीच मांडतो, रात्री वहीत केले होते. प्रत्येक हायड्रोजनच्या रेणूमागे फरफ्युरलचा एक रेणू जातो. म्हणजे एक किलो हायड्रोजनला ४८ किलो फरफ्युरल, मिळते ५६ किलो फ्युरोइक ॲसिड. आणि ते आम्ल अल्कलीत क्षार होऊन बसते, त्यामुळे रेणूमागे एक कॉस्टिकही संपते. २० किलो कॉस्टिक सोडा. म्हणजे ४६ युनिट वीज वाचवायला २० किलो कॉस्टिक. तो कॉस्टिकही शेवटी क्षारपाणी सरांच्या प्लांटवर वीज जाळूनच होतो. वीज वाचली नाही, दुसऱ्याच्या बिलात गेली.

फरफ्युरल अल्कलीत नुसते ठेवले तरी कॅनिझारो अभिक्रियेने अर्धे फरफ्युरिल अल्कोहोल आणि अर्धे फ्युरोएट (फ्युरोइक ॲसिडचा क्षार) होते, विजेला न विचारता. तो भाग वेगळाच.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचे अजून एक. आमचा बगॅस बॉयलरला जातो. फरफ्युरल काढून उरलेला चोथा जाळता येतो, पण वाफ दोनदा खर्च. आणि हे सगळे गाळप चालू असताना, नोव्हेंबर ते मार्च. पुढचे सात-आठ महिने इलेक्ट्रोलायझर झाकून ठेवायचा का?

---

पंचगंगाकाठ | ९ जून, दुपारी १२:१५

मूलभूत प्रश्न. स्पेंट वॉश (डिस्टिलरीचे सांडपाणी) का नाही घालत ॲनोडला? फुकट आहे, नदीचाही जीव वाचेल.

---

आसवनी | ९ जून, दुपारी १:०८

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतो, आणि हेतू चांगलाच असतो. पण ज्यासाठी हा धागा आहे, तो निवडकपणा स्पेंट वॉशमध्ये शून्य. सीओडी (सेंद्रिय घाणीचे माप) लिटरला लाखाच्या आसपास मिलिग्रॅम, त्यात मेलॅनॉइडिन (काळपट रंगद्रव्ये), ग्लिसरॉल, सेंद्रिय आम्ले, पोटॅश, क्लोराइड. वीज घातली तर शेकडो पदार्थांचे एक कालवण तयार होईल, ॲनोडवर साय धरेल, आणि क्लोराइडमुळे क्लोरिनयुक्त सेंद्रिय संयुगे होण्याची भीती, जी मूळ पाण्याहून वाईट. त्यासाठी बायोगॅस, मग बाष्पीभवन करून घट्ट केलेला स्पेंट वॉश बॉयलरमध्ये जाळणे, हाच मार्ग सध्या बरा. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी विजेचे ऑक्सिडेशन हा वेगळा विषय आहे, त्यातून विकायला काही मिळत नाही.

---

काकवी | ९ जून, सायंकाळी ७:३०

मग गूळ घाला की. गेल्या हंगामात भाव पडलाय तेव्हा काय बी करून बघू. गुळातली साखर फोडून औषध-बिवषध काय निघतंय का?

---

क्षारपाणी | ९ जून, रात्री ८:०२

काकवी, तुम्ही थट्टेत बोललात, पण या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच आहे.

ग्लुकोजचे विजेवर ऑक्सिडेशन करून कॅल्शियम ग्लुकोनेट बनवण्याची पद्धत १९३० च्या दशकातली आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये इस्बेल आणि सहकाऱ्यांनी बसवली. ग्लुकोजचे पाणी, थोडे ब्रोमाइड, ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीची पूड. ॲनोडवर ब्रोमाइडचा ब्रोमिन होतो, ब्रोमिन ग्लुकोजला ऑक्सिडाइझ करतो आणि स्वतः परत ब्रोमाइड होतो. तयार होणारे ग्लुकोनिक ॲसिड चुनखडी लगेच बांधून टाकते. द्रावण गार केले की कॅल्शियम ग्लुकोनेटचे स्फटिक खाली बसतात. कॅथोडवर हायड्रोजन. तेव्हाच्या लोकांनी तो खिडकीतून सोडून दिला, कारण त्यांना तो कचरा होता!

बघा, शंकासूरांचे ८७ ग्रॅम मीठ इथे नाही. कॉस्टिक नाही. महाग धातू नाही. पडदाही नाही. निवडकपणा ब्रोमिन सांभाळतो, तो ग्लुकोजच्या अल्डिहाइड टोकालाच धरतो.

आणि कोल्हापूरला हे काय लागते? म्हैस व्याली की मिल्क फिव्हर होते, तेव्हा जनावरांचा डॉक्टर शिरेतून जी बाटली लावतो ते कॅल्शियम बोरोग्लुकोनेट. कॅल्शियम ग्लुकोनेट आणि बोरिक ॲसिडपासूनच होते.

---

काकवी | ९ जून, रात्री ८:२०

आयला! ती बाटली लावल्यावर आडवी पडलेली म्हस उभी ऱ्हाती, म्या डोळ्यानं बघितलंय. सर, गुळापासून व्हईल का नक्की?

---

राजारामपुरी_५वी_गल्ली | ९ जून, रात्री ९:००

काका, गुळापासून थेट नाही. गुळात मुख्यतः सुक्रोज असते. ते आधी आम्लाने किंवा एन्झाइमने फोडायचे, मग अर्धे ग्लुकोज, अर्धे फ्रुक्टोज. ब्रोमिन फ्रुक्टोजला जवळपास शिवत नाही. म्हणजे निम्मा माल तसाच राहणार, वर गुळाचा रंग आणि खनिजे स्फटिक खराब करणार. मक्याचे डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) शुद्ध आणि सरळ.

पण उरलेले फ्रुक्टोज वेगळे करता आले, तर एचएमएफ बनवायला सगळ्यात सोपी साखर तीच. एका पोत्यातून दोन वाटा. हे अजून प्रयोगशाळेतलेच बोलणे आहे, उद्या कुणी कर्ज काढू नका.

सरांच्या उदाहरणाचा आकडा: रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन, म्हणून एक किलो हायड्रोजनला ८९ किलो ग्लुकोज, आणि १०७ किलो कॅल्शियम ग्लुकोनेट. या गणितात हायड्रोजनला 'उत्पादन' म्हणायलाही संकोच वाटतो.

अवांतर: १९८० च्या दशकात बेझर वगैरे संशोधकांनी कॅथोडचाही उपयोग करून घेतला होता. एका बाजूला ग्लुकोनेट, दुसऱ्या बाजूला रेने निकेलवर (सच्छिद्र निकेलवर) ग्लुकोजचेच सॉर्बिटॉल, जे टूथपेस्टमध्ये जाते. तिथे हायड्रोजन निघूच दिला नाही. कधी कधी तेच शहाणपण.

---

शंकासूर | ९ जून, रात्री ९:४५

जीवाणू किंवा बुरशीच्या आंबवणीने ग्लुकोनेट स्वस्तात होते. सोडियम ग्लुकोनेट काँक्रीटचे सेटिंग लांबवायला घालतात, तो बाजार आंबवणीवाल्यांनीच धरलाय. विजेची पद्धत तिथे टिकेल?

---

क्षारपाणी | ९ जून, रात्री १०:१०

काँक्रीटवाल्या बाजारात नाही टिकणार. आंबवणीला मोठ्या टाक्या, निर्जंतुक हवा आणि सतत चालणारा प्लांट लागतो. विजेचा सेल सकाळी चालू, संध्याकाळी बंद करता येतो, सौर वीज असेल तेवढाच चालवता येतो. लहान प्रमाणावर, चांगल्या प्रतीचा, स्थानिक माल असेल तर फरक पडतो. पण औषधी प्रतीसाठी ब्रोमाइड धुऊन काढणे हेच निम्मे काम आहे, आणि परवाना वेगळा. इंजेक्शनच्या गोष्टी शेडमध्ये होत नाहीत, हे काकवींना आताच सांगून ठेवतो.

---

हुपरीकर_मुलामा | १० जून, सकाळी ७:५५

हायड्रोजनचं काय करायचं, कुणी घेणार आहे का? शिरोलीत, गोकुळ शिरगावात फौंड्र्या आहेत, पण त्यांच्या भट्ट्या इंडक्शनच्या, विजेवर.

---

आसवनी | १० जून, सकाळी ९:१८

हीट ट्रीटमेंटवाले काही जण अमोनिया फोडून त्यातला हायड्रोजन वापरतात, तीन भाग हायड्रोजन, एक भाग नायट्रोजन. गिऱ्हाईक असले तर तिथेच. पण लांब न्यायचा विचार सोडा. ७ घनमीटरच्या जाडजूड लोखंडी सिलिंडरमध्ये हायड्रोजन मावतो सहाशे ग्रॅम. वर कॉम्प्रेसर आणि नागपूरच्या पेसोची (स्फोटक पदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेची) परवानगी. जागेवरच बॉयलरला किंवा ड्रायरला जाळला तर एका किलोतून अडीच किलो एलपीजीइतकी उष्णता मिळते. कॅल्शियम ग्लुकोनेट वाळवायला उष्णता लागतेच, तिथे वापरा आणि विसरा.

ॲनोडवर पाण्याऐवजी दुसरे काही ऑक्सिडाइझ करण्याचा एक फायदा कुणी लिहिला नाही. पाण्याच्या इलेक्ट्रोलायझरला कमी लोडवर हायड्रोजन पडद्यातून ऑक्सिजनमध्ये मिसळण्याचा धोका असतो, ४ टक्क्यांवर मिश्रण पेट घेऊ शकते. सौर विजेवर लोड सारखा खालीवर होतो, तेव्हा ही डोकेदुखी मोठी. ॲनोडवर ऑक्सिजन निघतच नसेल तर ती बरीच कमी होते. निघतच नसेल तर, हे मात्र खरे. मॅडमनी वर लिहिलेय तसे कच्चा माल संपत आला की तो येतोच.

---

हुपरीकर_मुलामा | १० जून, रात्री ८:३०

माझ्याकडे १०० अँपिअर, १२ व्होल्टचा जुना रेक्टिफायर (एसीची डीसी वीज करणारा) पडून आहे. डेक्स्ट्रोज बाजारात मिळते, ग्रॅफाइट उद्यमनगरात कापून मिळेल. विकायला नाही, बघायला. किती सेल जोडू?

---

क्षारपाणी | १० जून, रात्री ९:१२

तीन मालिकेत. चौथा जोडायचा तर आधी एका सेलचा व्होल्टेज मोजा, तीनच्या वर जात असेल तर नको. रेक्टिफायर पूर्ण क्षमतेने तापवू नका, ८० अँपिअर पुरे. तीन सेलला ताशी एका किलोच्या आतच ग्लुकोज लागेल, सवा किलोच्या आत माल, तोही कागदावर. हायड्रोजन ताशी ९ ग्रॅम, म्हणजे १०० लिटर. ऐकायला थोडा वाटतो, पण तो वर जाऊन छताच्या कोपऱ्यात बसतो. तुमच्या प्लेटिंगच्या खोलीतला एक्झॉस्ट टाकीच्या कडेला असेल, तो इथे कामाचा नाही. आढ्याला उघडी जाळी हवी, आणि पंखा, दिवा, बटण काही वर नको. खरे तर पत्र्याच्या उघड्या शेडखाली करा.

चुनखडी कायम जास्तीची ठेवा आणि ढवळत राहा. ती संपली की पीएच खाली येतो आणि ब्रोमिनची वाफ सुटते, डोळे आणि छाती धरते. उलट कॉस्टिक घालून पीएच चढवलात तर ब्रोमेट होते, ते विषारी. कॅल्शियम कार्बोनेटच, दुसरे काही नाही. आणि सायनाइडच्या टाकीजवळ हे अजिबात मांडू नका. वेगळी जागा, वेगळी भांडी, वेगळे हातमोजे.

---

काकवी | १० जून, रात्री ९:२५

कुठल्या दिवशी करताय? मी येतो, डेक्स्ट्रोजचं पोतं माझ्याकडनं.

---

राजारामपुरी_५वी_गल्ली | १० जून, रात्री १०:०१

रविवारी असेल तर पीएच मीटर मी आणते. नमुने दर अर्ध्या तासाला काढा आणि शीशीवर वेळ, अँपिअर, व्होल्ट लिहा. ग्लुकोज किती उरले ते मी सोमवारी तपासून इथेच टाकते.